नोकरी सांभाळून मोबाइल गेम: आधी एकच खाडी

वाचकाचं पत्र

मी देवगड तालुक्यात राहतो, वय २७, पतसंस्थेत नोकरी. रात्री जेवणानंतर दीड तास आणि रविवारची सकाळ मोकळी मिळते. प्रोग्रामिंग व्हिडिओ बघून शिकलो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे. मला मासेमारीवर मोबाइल गेम करायचा आहे: वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत सात बंदरं, पंधरा प्रकारच्या होड्या, मासळीचा लिलाव, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायची सोय. येत्या नारळी पौर्णिमेला प्ले स्टोअरवर आणायचा विचार आहे. चित्रं आतेभाऊ काढून देणार आहे. आठ महिने युनिटी या इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) काम करतोय, एक होडी पाण्यावर चालते, पण पुढे काही सरकत नाही. मराठी अक्षरं मोडकी दिसतात, आणि पावसात वीज गेली की काम वाया जातं. कुठलं इंजिन घ्यावं? किती वेळ लागेल? पैसे मिळतील का, आणि नोकरी सोडावी का?

उत्तर

नोकरी सोडू नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं जरा सविस्तर द्यावी लागतील.

तुमचं अडलंय ते कौशल्यावर नाही. स्वतः शिकून होडी पाण्यावर चालवली, म्हणजे काम जमतंय. अडलंय ते गेमच्या आकारावर. रोजचा दीड तास आणि रविवारची सकाळ धरली, त्यातून पाहुणे, लग्नकार्य, आजारपण वजा केलं, तर आठवड्याला खरे दहा तास उरतात. सहा महिन्यांचे झाले अडीचशे. त्यातला निम्मा वेळ ज्याला आपण गेम म्हणतो त्यावर जातच नाही. तो जातो मेन्यू, आवाज बंद करायचं बटण, प्रगती साठवणं, वेगवेगळ्या फोनवर तपासणं आणि स्टोअरचे फॉर्म भरणं यांवर. म्हणजे गेमच्या गाभ्याला मिळाले सव्वाशे तास. त्यात सात बंदरं आणि लिलाव बसत नाहीत. ऑनलाइनचा तर विचारही काढून टाका. त्याला सर्व्हर लागतो, तो महिन्याच्या महिन्याला पैसे खातो, आणि खेळाडू दोनच असले तरी तो चालूच ठेवावा लागतो.

एकच खाडी घ्या, एकच होडी, एकच जाळं. खेळाडूने ठरवायची गोष्टही एकच ठेवा: भरतीवर बाहेर पडायचं, मासळी भरायची, आणि ओहोटीने खाडीच्या मुखाशी वाळू उघडी पडायच्या आत परत यायचं. जास्त थांबलं तर मासळी जास्त मिळते, पण होडी वाळूत रुतण्याचा धोका वाढतो. या एका ओढाताणीवर चांगला गेम उभा राहतो. शिवाय ही गोष्ट तुमच्या किनाऱ्यावरचा माणूस जन्मतः जाणतो, बाहेरच्याला ती शोधून काढावी लागते.

भरतीचं गणित तुमच्याकडे तयारच आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे रोज ४८ मिनिटं पुढे. गावागावात यात थोडाफार फरक पडतो, गेमसाठी एवढं पुरतं. गेममधला एक दिवस १८० सेकंदांचा ठेवा. ४८ मिनिटं हा दिवसाचा तिसावा भाग, म्हणजे गेममध्ये भरती रोज ६ सेकंद उशिरा येईल. दोन भरत्यांमधलं अंतर साधारण १२ तास २४ मिनिटं असतं, ते झालं ९३ सेकंद. पाण्याची उंची ९३ सेकंदांच्या साइन वक्रावर चढू-उतरू द्या. वक्राची उंची तिथीवर ठेवा: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला सर्वात कमी फरक. त्यासाठी कोसाइनमध्ये तिथी भागिले १५ गुणिले २ पाय घाला. शून्य आणि पंधराला कमाल येते, मध्यावर किमान. एवढ्या तीन-चार ओळींच्या कोडमधून पंधरा दिवसांच्या पंधरा वेगळ्या पातळ्या मिळतात. प्रत्येक पातळी हाताने रचायची गरज उरत नाही. फोनच्या खऱ्या घड्याळावर भरती बांधू नका, खेळाडू तारीख बदलून बघतो आणि सगळं विस्कटतं. पुढे कधी वाढवायचं झालं तर १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी आहेच. त्या ६१ दिवसांत होडीची डागडुजी आणि जाळी विणणं असा वेगळा भाग करता येईल. पण तो पहिल्या आवृत्तीत नको.

हे आधी चित्रांशिवाय करा. होडी म्हणजे तपकिरी चौकोन, पाणी निळा पट्टा, मासळी पांढरे ठिपके. चार रविवार द्या. मग शेजारच्या एखाद्या मुलाच्या हातात फोन द्या आणि तोंडातून चकार शब्द काढू नका. अंगठा कुठे जातो, कुठे अडतो, होडी रुतल्यावर तो स्वतःहून पुन्हा सुरू करतो का, एवढंच बघा. तीन-चार जणांपैकी एकानेही पुन्हा खेळायला घेतला नाही, तर आतेभावाला चित्रं काढायला सांगू नका. होडीचा वेग, जाळं ओढायला लागणारा वेळ, ओहोटीचा इशारा हे आकडे बदलून बघा. चौकोनांचा गेम ज्याला कंटाळवाणा वाटला, त्याला सुंदर चित्रांचा गेमही दोन दिवसांत कंटाळवाणा वाटतो.

इंजिन बदला. आठ महिन्यांच्या कामावर पाणी सोडा असं हे ऐकायला कठोर वाटेल, पण हाती एक चालती होडीच आहे. ती पंधरा दिवसांत पुन्हा उभी राहील. गोडॉट या इंजिनाची चौथी आवृत्ती घ्या. ते मोफत आहे, एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, उत्पन्नात वाटा मागत नाही. एडिटर हलका आहे, ८ जीबीच्या लॅपटॉपवर सहज चालतो. तुमच्यासाठी सर्वात मोठं कारण मात्र अक्षरांचं आहे. युनिटीत अक्षरं दाखवायला सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो हा भाग देवनागरीची जोडाक्षरं स्वतःहून जुळवत नाही, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला पडते. गोडॉटच्या चौथ्या आवृत्तीत अक्षरजुळणी आतच आहे. तिसऱ्या आवृत्तीत ती नव्हती, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तिसरी आवृत्ती उतरवू नका. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा बलू २ घ्या. तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, गेममध्ये घालायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी "किनाऱ्यावर", "वाऱ्याची दिशा", "श्रावण", "दर्या", "शिल्लक" हे शब्द खऱ्या फोनवर उमटवून बघा. "ऱ्या" नीट आला तर बाकीचं बहुधा नीट येतं. मजकुराच्या चौकटीची भाषा "एमआर" (मराठीची खूण) ठेवलीत, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यात ते आपोआप लागतात. सगळे संवाद कोडमध्ये न लिहिता एका सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये ठेवा. मग मराठी, मालवणी, इंग्रजी असे तीन स्तंभ एकाच फाइलमध्ये सांभाळता येतात. मालवणी स्तंभ नक्की ठेवा. गेम वेगळा वाटेल तो त्यामुळेच.

प्रोग्रामिंगची भाषा गोडॉटची स्वतःची जीडीस्क्रिप्ट घ्या, सी शार्प नको. प्रोजेक्ट सुरू करताना रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) "कम्पॅटिबिलिटी" निवडा. तो ओपनजीएल ईएस ३ वर चालतो आणि जुन्या, स्वस्त फोनवर दगा देत नाही. अँड्रॉइडची फाइल बनवायला ओपनजेडीके १७, अँड्रॉइड एसडीके आणि गोडॉटचे एक्सपोर्ट टेम्प्लेट लागतात. हे सगळं मिळून काही जीबी होतं, तेव्हा तालुक्याच्या गावी चांगलं नेट असेल तिथे बसून एकदाच उतरवून घ्या. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये "ईटीसी२ एएसटीसी" (फोनसाठी चित्रं दाबून ठेवायची पद्धत) आयात चालू केली नाही तर एक्सपोर्ट अडतं, आणि नवखा माणूस तिथे तासन्तास शोधत बसतो.

आता समुद्र. तुमच्या गेममध्ये सर्वात जास्त त्रास हाच देणार आहे, म्हणून इथे थांबून बोलू. चित्रकार हौसेने लाटांचे पाच पारदर्शक थर काढून देतो, एकावर एक, प्रत्येक स्क्रीनभर. लॅपटॉपवर झकास दिसतं. स्वस्त फोनवर प्रत्येक ठिपका (पिक्सेल) पाच वेळा रंगवावा लागतो, गेम अडखळतो, फोन तापतो, तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि आणखी अडखळतो. सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) हवी असतील तर एका चित्राला १६.६ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. तुमच्या गेमला ३० पुरेसे आहेत, बॅटरीही वाचते. लाटांचे जास्तीत जास्त दोन थर ठेवा. २५६ बाय २५६ चा एकच तुकडा शेडरने (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) सरकवत आडवा पसरवा.

चित्रांच्या आकाराबद्दल आणखी एक गैरसमज आतेभावालाही समजावून सांगा. पीएनजी फाइल ३०० केबीची असली तरी मेमरीत ती उघडून बसते. २०४८ बाय २०४८ चं चित्र म्हणजे ४ बाइट प्रति ठिपका धरून १६ एमबी. अशी दहा चित्रं झाली की १६० एमबी गेले, आणि २ जीबी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड गेम बंद करून टाकू शकतं. लोक समजतात गेम क्रॅश झाला. होडी, जाळं, मासे सगळे एकाच १०२४ च्या चित्रपत्रकात बसवा.

होडीचा वेग लिहिताना प्रत्येक फ्रेममागे अमुक ठिपके असं लिहू नका, सेकंदाला अमुक ठिपके असं लिहा आणि त्याला डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणा. नाहीतर ६० हर्ट्झच्या फोनवर नीट चालणारी होडी १२० हर्ट्झच्या फोनवर दुप्पट वेगाने पळते, आणि ही चूक तुमच्या स्वतःच्या फोनवर कधीच दिसत नाही. स्क्रीनचा पाया १०८० बाय १९२० धरा, स्ट्रेच "कॅनव्हस आयटेम्स" आणि आस्पेक्ट "एक्स्पांड" ठेवा. लांबट फोनवर आकाश जास्त दिसेल, पण काही कापलं जाणार नाही. बटणं ४८ डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटरपेक्षा, लहान नकोत. आणि एकदा भर दुपारी अंगणात जाऊन खेळा. निळ्या पाण्यावर करड्या होडीचं काय होतं ते उन्हातच कळतं.

प्रगती साठवणं शेवटी करायचं काम नाही. गेम चालू असताना फोन येतो, माणूस बोलतो, अँड्रॉइड मागचा गेम न विचारता मारून टाकतं. म्हणून गेम मागे गेल्याची सूचना आली की त्याच क्षणी साठवा, "बाहेर पडा" बटणाची वाट बघू नका. थेट मूळ फाइलवर लिहू नका. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, मग तिचं नाव बदला, म्हणजे मध्येच बॅटरी संपली तरी जुनी प्रगती शाबूत राहते. फोनच्या बॅक बटणावर गेम एकदम बंद होतो, ते वागणंही बदलून त्याजागी थांबा-मेन्यू आणा.

विजेचं म्हणाल, तर काम वाया जाणं गिट (कामाच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरल्याने जवळपास थांबतं. रोज रात्री उठताना एक कमिट, म्हणजे कामाची नोंद, आणि नेट असेल तेव्हा गिटहब या साइटवरच्या खाजगी रिपॉझिटरीत (साठ्यात) पुश, म्हणजे ते वर चढवणं. कोड लहान असतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही जातो. मोठ्या मूळ चित्रफाइली तिथे टाकू नका. १०० एमबीवरची फाइल गिटहब घेतच नाही. त्या पेनड्राइव्हवर आणि आतेभावाकडे, अशा दोन जागी ठेवा. मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर काम करा.

नारळी पौर्णिमेचा मुहूर्त साधायचा असेल तर मागून मोजत या. गुगल प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड. ओळखपत्र पडताळणीला दिवस जातात. नाव कार्डावर आणि ओळखपत्रावर अक्षरशः सारखं नसेल तर पडताळणी अडू शकते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गेम खुला करण्याआधी बंद चाचणी (निवडक लोकांपुरती) सक्तीची आहे. आधी २० टेस्टर लागत, डिसेंबर २०२४ पासून ही संख्या १२ आहे. हे बाराही जण सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवेत. एकाने बाहेर पडायचं बटण दाबलं आणि संख्या ११ झाली की अट मोडते. म्हणून अठरा-वीस जण घ्या. गावातले पाच-सहा आणि मुंबईतले चाकरमानी नातेवाईक बाकीचे, म्हणजे फोनही वेगवेगळे मिळतात. इथे बहुतेकांचं एकच चुकतं: माणूस एक ईमेल सांगतो आणि फोनच्या प्ले स्टोअरमध्ये दुसऱ्याच ईमेलने असतो, मग लिंक उघडत नाही. प्रत्येकाला प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून तिथला ईमेल पाठवायला सांगा. चौदा दिवसांत लोकांनी खरोखर खेळायला हवं आणि तुम्ही एक-दोन सुधारित आवृत्त्या द्यायला हव्यात. नंतरच्या अर्जात काय अभिप्राय मिळाला, काय बदललं, हे विचारतात. हा अर्ज आणि गेमची तपासणी यांना आणखी पंधरवडा धरा. एकूण, सणाच्या तीन महिने आधी खातं उघडलेलं आणि दोन महिने आधी खेळण्याजोगी फाइल तयार हवी. हे होत नसेल तर मुहूर्त पुढच्या वर्षावर ढकला, अर्धवट गेम सणाला आणू नका. पहिल्या आठवड्यात पडलेले एक-दोन तारे पुढे भरून काढणं फार अवघड जातं.

स्टोअरसाठी ५१२ बाय ५१२ चं चिन्ह, १०२४ बाय ५०० चं मथळाचित्र, किमान दोन स्क्रीनशॉट लागतात. नाव ३० अक्षरांत, छोटं वर्णन ८० अक्षरांत. मराठीत काना-वेलांट्याही मोजणीत धरल्या जातात, तेव्हा नाव आखूडच ठेवा. खाजगीपणाच्या धोरणाचं पान, डेटा सुरक्षेचा फॉर्म आणि वयोगटाची प्रश्नावली भरावी लागते. १३ वर्षांखालच्यांसाठी असं नोंदवलंत तर जाहिरातींचे नियम फार कडक होतात. पॅकेजचं नाव एकदा वर गेलं की कायमचं, नीट विचार करून ठेवा. सहीची कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड लॅपटॉपबाहेर दोन जागी ठेवा. हरवली तर अपलोडची किल्ली गुगलकडून बदलून मिळते, पण तोवर सुधारित आवृत्ती अडून राहते. अँड्रॉइडच्या कोणत्या पातळीवर गेम बांधायचा ही अटही गुगल दरवर्षी पुढे सरकवतं, म्हणून वर्षातून एक रविवार फक्त इंजिन अद्ययावत करण्यासाठी राखून ठेवा.

पैशांचं सरळ सांगायला हवं. ॲडमॉब ही गुगलची जाहिरातसेवा १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. हजार जाहिरातींमागे अर्धा डॉलर मिळतो असं नुसतं धरून चालू. मग १०० डॉलरला दोन लाख जाहिराती दाखवाव्या लागतील. एका खेळाडूने रोज तीन अशा पाच दिवस बघितल्या तर तेरा हजारांवर खेळाडू हवेत. पहिल्या गेमला ते क्वचितच मिळतात. तरी जाहिरात ठेवायची तर फक्त बक्षिसाची ठेवा: होडी रुतली, जाहिरात बघितली तर अर्धी मासळी वाचली. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्क्रीनभर जाहिरात आदळू नका. तयार करताना चाचणीच्या जाहिराती वापरा. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या फोनवरून खऱ्या जाहिरातींवर टिचक्या पडल्या की खातं बंद होऊ शकतं. १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला टपालाने पिन येतो, तेव्हा पत्ता पोस्टमनला कळेल असा, वाडीसकट लिहा. आणखी एक गोष्ट बरेच जण नंतर बघतात: वैयक्तिक खात्यावरून कमाई सुरू केली की तुमचा पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. घरच्यांना हे आधी सांगा. मिळेल ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. पतसंस्थेच्या सेवानियमांत जोडउद्योगाला लेखी परवानगी लागते का तेही बघून घ्या, आणि ऑफिसच्या संगणकावर या कामाची एकही फाइल उघडू नका.

आवाज स्वतः ध्वनिमुद्रित करा. पहाटे वारा पडलेला असताना फोनच्या माइकवर पातळ फडका गुंडाळून खाडीचं पाणी, वल्ह्याचा आवाज, कावळ्यांची कावकाव टिपता येते. छोटे आवाज वेव्ह फाइलमध्ये, संगीत ऑग फाइलमध्ये ठेवा. पारंपरिक चाल वापरायला हरकत नाही, पण कुणी गायलेल्या आरतीचं किंवा शिमग्याच्या गाण्याचं तयार ध्वनिमुद्रण उचलू नका. त्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतो आणि गेम स्टोअरवरून उतरवला जाऊ शकतो.

राहिला आतेभाऊ. "मदत करेल" एवढ्यावर राहू नका, नात्यात तर मुळीच नको. चित्रं लागतील तेवढीच मोजून सांगा: होडीच्या चार स्थिती, जाळ्याच्या तीन, मासे चार प्रकारचे (बांगडा, तारली, सुरमई, कोळंबी), किनारा एक, बटणं सहा. मग एका कागदावर लिहून दोघांनी सही करा: चित्रांचा हक्क कुणाचा, उत्पन्नातला वाटा किती टक्के, आणि त्याने मध्येच सोडलं तर आतापर्यंत काढलेली चित्रं गेममध्ये राहतील की नाही. गुगलचं खातं कुणाच्या नावावर आणि पैसे कुणाच्या बँकेत येणार, हेही त्याच कागदावर येऊ द्या.